धर्मश्रद्धा आणि घटस्फोट: अमेरिकेतल्या सर्व्हेंचे आकडे जुळत का नाहीत?

अवांतर_वाचक

बार्ना ग्रुप या धर्मविषयक सर्व्हे करणाऱ्या अमेरिकी संस्थेचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचतोय. 1999 मध्ये 'बॉर्न अगेन' (येशूवरच्या वैयक्तिक श्रद्धेने आपला 'पुनर्जन्म' झाला असं मानणाऱ्या) ख्रिश्चनांपैकी 27 टक्के लोकांचा कधी ना कधी घटस्फोट झालेला, निरीश्वरवादी-अज्ञेयवाद्यांपैकी 21 टक्क्यांचा. 2008 मध्ये तेच आकडे 32 आणि 30. म्हणजे नऊ वर्षांत नास्तिकांचे संसार धडाधड मोडले की काय? दुसरीकडे समाजशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड विल्कॉक्स सांगतात की नेमाने चर्चला जाणाऱ्या सनातनी (कॉन्झर्व्हेटिव्ह) प्रोटेस्टंटांमध्ये घटस्फोटाची शक्यता कुठलाच धर्म न सांगणाऱ्यांपेक्षा 35 टक्क्यांनी कमी आहे. यातलं काय धरायचं? आणि सरकारी नोंदींवरून याचा निकाल का लागत नाही?

छेद_आधी_बघा

संसार मोडले नाहीत, छेद बदलला. 1999 चे टक्के सगळ्या प्रौढांवर काढलेले आहेत, लग्नच न केलेले धरून. 2008 चे फक्त 'एकदा तरी लग्न झालेल्यां'वर. 2008 च्याच अहवालात लग्न झालेल्यांचं प्रमाण दिलंय: एकूण 78 टक्के, बॉर्न अगेन 84, निरीश्वरवादी-अज्ञेयवादी 65. आता गुणाकार करा. 84 चे 32 टक्के म्हणजे जवळपास 27. 65 चे 30 टक्के म्हणजे साडेएकोणीस. 1999 चं चित्र जवळपास जसंच्या तसं परत आलं! 'नास्तिकांचे संसार जास्त टिकतात' म्हणून जो आकडा वर्षानुवर्षं फिरतोय, त्यातला बराचसा फरक हा नास्तिक मुळात लग्नच कमी करतात एवढाच आहे.

हा छेद लावूनही एक खोट उरते. लग्नाशिवाय एकत्र राहून वेगळं झालेली जोडपी कुठल्याच रकान्यात येत नाहीत, आणि असं राहण्याचं प्रमाण धर्म न मानणाऱ्यांत जास्त आहे. त्यांची डळमळीत नाती लग्नापर्यंत पोचायच्या आधीच गळतात. धार्मिक घरांत तीच नाती लग्न होऊन मग तुटतात, म्हणून मोजली जातात.

रकानेवाला

सरकारी नोंदींचं: घटस्फोट राज्यांच्या न्यायालयांत होतात आणि तिथे धर्म लिहीत नाहीत. तपशीलवार नोंदी गोळा करणं केंद्र सरकारने 1996 मध्ये थांबवलं. कॅलिफोर्नियासारखं लोकसंख्येने सर्वांत मोठं राज्य तर नुसती संख्याही कळवत नाही. जनगणना खात्याचा 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' 2008 पासून 'गेल्या 12 महिन्यांत घटस्फोट झाला का' विचारतो, पण ते खातं धर्म विचारत नाही. धर्माच्या प्रश्नाचं उत्तर सक्तीचं करता येणार नाही असं 1976 चा कायदाच सांगतो. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच माणसाला विचारणारे सर्व्हे एवढाच मार्ग उरतो.

स्वतः पडताळायचं असेल तर जनरल सोशल सर्व्हे या अमेरिकेतल्या जुन्या समाजशास्त्रीय सर्व्हेची फाइल फुकट मिळते. रकाना 'मॅरिटल': 1 विवाहित, 2 विधवा-विधुर, 3 घटस्फोटित, 4 विभक्त, 5 अविवाहित. आधी 5 काढून टाका. मग 3 असलेले घ्या, आणि 1 व 2 पैकी ज्यांनी 'डिव्होर्स' रकान्यात 'हो' म्हटलंय ते मिळवा. हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात. त्याशिवाय पुनर्विवाह केलेले सगळे 'कधीच घटस्फोट नाही'मध्ये पडतात आणि आकडा फार खाली येतो. त्या प्रश्नात 'किंवा कायदेशीर विभक्त' असंही आहे, म्हणून 4 वालेही धरा, नाहीतर दोन गटांना दोन मापं लागतील. भारांक (नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांची भरपाई करणारी वजनं) लावायला विसरू नका. आणि धर्माच्या 'रेलिग' रकान्यावर थांबू नका, 'अटेंड' म्हणजे प्रार्थनेच्या उपस्थितीचा रकानाही बरोबर घ्या.

कारण विल्कॉक्सच्या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग लोक गाळतात: नावापुरते सनातनी प्रोटेस्टंट, जे चर्चकडे क्वचित फिरकतात, त्यांच्यात घटस्फोटाची शक्यता धर्म न सांगणाऱ्यांपेक्षा 20 टक्के जास्त निघाली. दोघांना एका गटात टाकलं की वजा-अधिक होऊन 'काही फरक नाही' असं उत्तर येतं. बार्नाचा 'बॉर्न अगेन' गट उपस्थितीवर नाही, दोन श्रद्धाविषयक प्रश्नांच्या उत्तरांवर बनतो. तिथे 2008 मध्ये बॉर्न अगेन 32 आणि बाकीचे 33 असं येण्यात नवल नाही.

शंकासुर

उपस्थितीवर एवढा भरवसा? 1993 मध्ये हॅडवे, मार्लर आणि चाव्हेस यांनी चर्चमधली माणसं मोजली, तर सर्व्हेत लोक सांगतात त्याच्या जेमतेम निम्मी भरली. शिवाय बाण उलटाही असतो: घटस्फोट झाल्यावर लोक चर्चमध्ये जायचं सोडतात. मग 'न जाणाऱ्यांत घटस्फोट जास्त' दिसणारच.

आणि धर्माचा परिणाम एकेका माणसापुरता नसतो. जेनिफर ग्लास आणि फिलिप लेव्हचक यांच्या 2014 च्या अभ्यासात सनातनी प्रोटेस्टंट जास्त असलेल्या काउंट्यांत (जिल्ह्यांसारखे भाग) घटस्फोट जास्त निघाले, आणि त्यांची झळ तिथल्या इतरांनाही होती. मुख्य कारणं म्हणजे कमी वयातली लग्नं आणि मुलं, कमी शिक्षण, कमी मिळकत.

रकानेवाला

@शंकासुर, उलट्या बाणाचा मुद्दा रास्त आहे. त्यावर उपाय दोन. एक, 'नॅशनल सर्व्हे ऑफ फॅमिली ग्रोथ' हा लग्न-मुलांविषयीचा सरकारी सर्व्हे घ्या. त्यात लग्न आणि घटस्फोटाच्या तारखा असतात, आणि आत्ताच्या धर्माखेरीज वाढताना घरात कुठला धर्म होता तेही विचारतात. घटस्फोटाने बालपणीचा धर्म बदलत नाही. मर्यादा म्हणजे वयोगट: आधी 15 ते 44, 2015 पासून 49 पर्यंत, आणि पुरुष 2002 पासूनच. दुसरा उपाय म्हणजे त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणारे अभ्यास. अमेरिकी परिचारिकांच्या अशा अभ्यासात उपस्थिती आधी मोजली, घटस्फोट नंतर. नेमाने जाणाऱ्यांत धोका सुमारे निम्मा निघाला. मात्र त्या सगळ्या मध्यम-उतार वयाच्या, शिकलेल्या, एकाच पेशातल्या बायका.

काउंटीच्या निष्कर्षाने मात्र व्यक्तीचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. लग्नाचं वय आणि शिक्षण समीकरणात घालण्याआधी आणि घातल्यावर, दोन्ही आकडे छापा. लवकर लग्न करणं हा धार्मिकतेचाच परिणाम मानलात तर पहिला आकडा तुमचा, नाहीतर दुसरा.

अवांतर_वाचक

छेदाचं कळलं, धन्यवाद. मग 2008 मधले इव्हँजेलिकल (बार्नाच्या मापाने बॉर्न अगेनपैकी जास्त कडक श्रद्धेचे) 26, कॅथलिक 28, निरीश्वरवादी-अज्ञेयवादी 30, या क्रमाला तरी अर्थ आहे?

छेद_आधी_बघा

उपगट किती जणांचा आहे ते बघून ठरवा. 200 जणांत 30 टक्के आले तर 95 टक्के खात्रीची मर्यादा साधारण 6 अंक इकडेतिकडे, म्हणजे 24 ते 36. 26 आणि 28 त्यातच बसतात. 1000 जण असतील तर मर्यादा 3 अंकांच्या आत येते, तेव्हा 26 आणि 30 मधला फरक बोलण्याजोगा होतो. एकूण नमुना पाच हजारांचा आहे हे इथे कामाचं नाही, कारण निरीश्वरवादी-अज्ञेयवादी त्यातला लहानसा तुकडा आहेत.