लोटन कबूतर पाळायचं ठीक, पण लोळवायचं का?

धाब्यावरचा (अमळनेर):
परवा पाहुणे आले. पोरांच्या हट्टापायी मी लोटन हातात घेऊन हलकेच हलवलं नि अंगणात सोडलं. चार कोलांट्या झाल्यावर उचललं. पुण्याची वहिनी दिवसभर बोलली नाही! आजोबांच्या धाब्यावर (घराच्या मातीच्या सपाट छतावर) लक्का (पंख्यासारख्या शेपटीचं कबूतर) आणि लोटन दोन्ही होते. लोटनाचं वर्णन 'आईन-ए-अकबरी'तही आहे, म्हणजे जात 400 वर्षांहून जुनी. लोळणं हाच तिचा गुण. तो काढला तर उरतं काय, पांढरं तुरेवालं कबूतर!

तापीकाठ:
गुण कसला भो? मेंदूतली खोड आहे ती. पाखराला थांबायचं असलं तरी थांबता येत नाही. उचललं नाही तर मरेपर्यंत लोळतं असं सांगतात, हे डार्विनने 1868 साली नोंदवलंय.

धाब्यावरचा:
उचलतोच ना मी. तोंडावर फुंकर मारली की लगेच भानावर येतं.

तापीकाठ:
भानावर येतं म्हणजे भान जातं, हे तूच कबूल केलंस.

चोपड्याची सून:
हौस सासऱ्यांची, विष्ठा खरवडते मी. तोंडाला फडकं बांधून, आधी पाणी शिंपडून. ती वाळलेली धूळ छातीत गेली की खोकला हटत नाही. यावर पण कुणीतरी बोला.

केळीवाला (रावेर):
ताई, बरोबर आहे. ज्याची हौस त्याने झाडावं.
बाकी दोघांना सांगतो. लोटन साध्या कबुतराशी जोडलं तर पहिल्या पिढीत एकही लोळत नाही. दोन्हीकडून ती खोड आली तरच पिल्लू लोळतं. म्हणून लोक बहीण-भाऊच जोडत राहतात. मीही केलं. दोन अंडी, अठरा दिवस वाट बघायची, नि आत काहीच नाही. पिल्लू निघालंच तर मरतुकडं. शेवटी नर बाहेरून आणला, तेव्हा वंश सावरला. मे महिन्यात तर जोड्या वेगळ्याच ठेवतो. आपल्याकडच्या 45 अंशांत पिल्लं काढायची म्हणजे पाखराचा छळ. दादर ज्वारी, बाजरी, हरभरा आणि सावलीत पाणी, एवढं सांभाळा. तमाशा दाखवायला मी लोळवत नाही.

तापीकाठ:
मग पुढच्या जोडीसाठी निवड कशी करतोस?

केळीवाला:
प्रत्येक पाखरू एकदाच बघतो. खाली वाळू पसरून.

तापीकाठ:
म्हणजे लोळवतोसच!

केळीवाला:
हो. दोन कोलांट्या मोजून. तेवढं पाप माझ्या खाती मांड.

धाब्यावरचा:
वाळूचं सुचलं नव्हतं. आमचं अंगण फरशीचं आहे.