वृषणाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया: चीर जांघेत का?

कोकणकडा: भावाच्या (वय २७) उजव्या वृषणात न दुखणारी, टणक गाठ आहे. सोनोग्राफीत ती वृषणाच्या आतच दिसते. यूरॉलॉजिस्ट म्हणतात, जांघेतून चीर देऊन पूर्ण वृषण काढायचं. आधी सुईने तुकडा तपासायला नको का? आणि गाठ खाली असताना चीर वर का? पुढच्या वर्षी त्याचं लग्न आहे, म्हणून मुलाबाळांचीही काळजी वाटते.

शल्यवाट: सुई अजिबात घालू देऊ नका. गर्भात वृषण पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि नंतर खाली उतरतं. त्यामुळे त्याच्या लसीकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या, ज्यांतून कर्करोग पसरू शकतो) पोटात मागे, महाधमनीलगतच्या लसीकाग्रंथींकडे जातात. अंडकोषाच्या कातडीच्या वाहिन्या मात्र जांघेतल्या ग्रंथींकडे जातात. सुई किंवा चीर अंडकोषातून गेली, की आजाराला ही दुसरी वाट मोकळी होऊ शकते. हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणं) समजून खालून ऑपरेशन केलं जातं तेव्हा हेच घडतं. तरुण माणसाचं हायड्रोसील सोनोग्राफीशिवाय उघडूच नये, इतकं हे महत्त्वाचं आहे.

ऑपरेशनमध्ये जांघेत तिरकी चीर देऊन शुक्ररज्जू, म्हणजे वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका असलेली दोरी, मोकळी करतात. ती जिथून पोटात शिरते तिथे बांधून कापतात आणि वृषणासकट अख्खी काढतात. रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका वेगवेगळ्या बांधतात. दोऱ्याची गाठ सुटली तर वाहिनीचं टोक आत ओढलं जातं आणि पोटामागे रक्तस्राव होतो, बाहेरून लवकर कळतही नाही. दोरा न विरघळणारा वापरून त्याचं टोक लांब ठेवतात. पुढे पोटातल्या ग्रंथी काढायची वेळ आली तर उरलेला भाग सापडतो.

पॅथलॅब_सांगली: ऑपरेशनच्या आधी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच (या कर्करोगात रक्तात वाढू शकणारे पदार्थ) या रक्ततपासण्या झाल्याच पाहिजेत. आधीचे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मं होतं, एचसीजी दीड दिवसाच्या आत. त्या वेगाने उतरलं नाही, तर आजार दुसरीकडेही असल्याची शंका घ्यावी लागते. एएफपी वाढलेलं असेल, तर अहवालात ‘शुद्ध सेमिनोमा’ (सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा हे या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार) लिहिलेलं असलं तरी उपचार नॉन-सेमिनोमाचेच होतात.

वीर्य शक्यतो ऑपरेशनआधीच गोठवून ठेवा, केमोआधी तर नक्कीच. दुसरं वृषण निरोगी असेल तर एकावरही मूल होतं, पण या आजारात शुक्राणू मुळातच कमी असलेले बरेच रुग्ण असतात.

कोकणकडा: घरी कधी सोडतात? आणि अहवालात नेमकं काय पाहायचं?

शल्यवाट: बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. काही आठवडे जड उचलायचं नाही. चिरेखाली, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. तिथली नस दुखावलेली असते. अंडकोष झपाट्याने सुजून काळानिळा पडला तर लगेच दाखवा. सिलिकॉनचं कृत्रिम वृषण हवं असेल तर ऑपरेशनआधीच सांगा.

अहवालात गाठीचा प्रकार, रक्त किंवा लसीकावाहिन्यांत शिरकाव आणि शुक्ररज्जूच्या कापलेल्या कडेपर्यंत आजार पोहोचलाय का, ते पाहा. छाती-पोटाचा सीटी स्कॅन स्वच्छ आणि रक्ताचे आकडे उतरलेले असतील, तर बऱ्याच जणांना पुढे फक्त ठरलेल्या तपासण्या लागतात. त्या चुकवू देऊ नका.