एरिया सेफ आहे की नाही हे तुम्ही कसं ठरवलंत? अनुभव सांगा

लेकीला हिंजवडीत नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. आम्ही सांगलीचे, पुण्यात हक्काचं असं कोणी नाही. रूमसाठी बाणेर आणि वाकड असे दोन पर्याय आहेत, वाकडला भाडं कमी आहे. घरात रोज चर्चा, की कुठला भाग सुरक्षित. यजमान एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचे) आकडे काढून बसलेत, २०२२ च्या अहवालात दर लाख लोकसंख्येमागे दखलपात्र गुन्हे (ज्यांचा पोलिसांना एफआयआर घ्यावा लागतो ते) कोलकात्यात ८६.५ आणि पुण्यात २८०.७, म्हणजे पुणं कोलकात्याच्या तिप्पट धोक्याचं का? आणि हे अख्ख्या शहराचे आकडे, त्यातून बाणेर-वाकड कसं कळणार? ज्यांनी स्वतः घर किंवा रूम शोधताना असा विचार केलाय त्यांनी काय बघितलं, काय उपयोगी पडलं, तेवढं सांगा. भारतातलं, परदेशातलं, कुठलंही चालेल.
– कृष्णाकाठ

...

ताई, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, बरीच वर्षं ठाणे अंमलदार म्हणून काम केलंय, म्हणून आधी आकड्याबद्दल सांगतो. तो आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नाही, नोंदवलेल्या गुन्ह्यांचा आहे. माणूस चौकीत येतो, मोबाईल मारला म्हणतो, आणि त्याला गहाळ झाल्याचा दाखला देऊन वाटेला लावलं तर ती चोरी कुठल्याच तक्त्यात येत नाही. शिवीगाळ, किरकोळ मारहाण यांची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते, तीही या दरात धरत नाहीत. आणि एकाच एफआयआरमधे खून, दरोडा, तोडफोड सगळं असलं तरी मोजताना सगळ्यात गंभीर तो एकच गुन्हा धरतात. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवा, तरी टाळाटाळ आजही होते, हे मी खात्यातला माणूस म्हणून सांगतोय. एखादा चांगला पीआय (पोलीस निरीक्षक) येतो, सगळं नोंदवा म्हणतो, आणि वर्षअखेरीला त्याच्याच ठाण्याचा आलेख वर गेलेला दिसतो. एनसीआरबी स्वतःच्या अहवालात छापते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते पान कुणी वाचत नाही, टीव्हीवर फक्त क्रमवारी येते.

आणखी एक, त्या महानगरांच्या तक्त्यात लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरलीय. तेव्हाचं वाकड आणि आताचं वाकड बघा. माणसं किती वाढली, भागाकार मात्र जुन्याच आकड्याने.
– निवृत्त अंमलदार

...

वरच्या काकांना अनुमोदन. आम्ही कोचीत राहतो, मिस्टरांची बदली झाली तेव्हा सासूबाई घाबरल्या होत्या कारण कुठल्यातरी यादीत कोची गुन्ह्यांच्या दरात वरच्या नंबरांत होतं. इथे आल्यावर हळूहळू कळलं की लोक तक्रार करतातच, आणि पोलीस घेतातही, बेदरकार गाडी चालवल्याच्या केसेससुद्धा ढिगाने नोंदवल्या जातात आणि त्याही बेरजेत धरतात. माझी पर्स बसमधे गेली तर कंडक्टरनेच ठाण्यात जा म्हणून मागे लागून पाठवलं, तिथे बसवून लिहून घेतलं, पावती हातात दिली. माझी ती एक पर्स कोचीच्या आकड्यात आहे. आमच्या आधीच्या गावी घरासमोरून स्कूटर गेली होती ती कुठल्याच आकड्यात नाही, कारण "बघू, सापडते का" यावरच विषय संपला होता. आता यातलं कुठलं गाव जास्त सुरक्षित म्हणायचं?
– नारळपाणी

...

मी नागपूरची. खुनांचा दर म्हटलं की आमच्या शहराचं नाव निघतंच, बाहेरचे लोक विचारतात रात्री बाहेर पडता का तुम्ही. अहो, खून कोणाचे आणि कशावरून होतात ते तरी बघा. २०२२ मधे देशात २८,५२२ खून नोंदले गेले, त्यातले ९,९६२ वादातून आणि ३,७६१ जुन्या वैरातून. म्हणजे बऱ्याच जागी मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखून असतात. ज्याचं दुःख आहे त्याला आहेच, पण धरमपेठेत आइस्क्रीम खाऊन घरी येणाऱ्या मुलीला त्या आकड्यावरून काही कळत नाही. तिला छेडछाड, पाठलाग, चेन स्नॅचिंग हे बघावं लागतं, आणि नेमकं तेच कमी नोंदलं जातं.
– संत्रानगरी

...

मला जरा वेगळं लिहायचंय. सगळे "मुलींसाठी सेफ एरिया" म्हणून महिलांवरच्या गुन्ह्यांचा दर बघतात. २०२२ मधे देशभरात असे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा, ३१.४ टक्के, नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा आहे. रस्त्यावरचा नाही, घरातला. माझी चुलतबहीण ठाण्यात अगदी नावाजलेल्या कॉम्प्लेक्समधे राहायची, तीन ठिकाणी कॅमेरे, गेटवर रजिस्टर, लिफ्टला कार्ड, आणि ती बंद दाराआड मार खात होती. शेजाऱ्यांना ऐकू यायचं, कुणी बेल वाजवली नाही. शेवटी तिची स्वयंपाकाची बाई तिला हाताला धरून पोलीस ठाण्यात घेऊन गेली, ती बाई राहायची मागच्या वस्तीत, जिथून जाऊ नका असं सोसायटीच्या ग्रुपवर नवीन भाडेकरूंना सांगायचे. म्हणून कुणी मला विचारलं की तो एरिया कसा आहे तर मी आधी विचारते की तिथे हाक मारली तर कोण येईल.
– रातराणी

...

रातराणी, वाचून गलबलले.

मी मुंब्र्याची. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडे, घरात कोकणी-मराठीच बोलतो. ९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून खूप मुस्लिम कुटुंबं इथे येऊन राहिली, आमचंही त्यातलंच. तेव्हापासून एरियाचं नाव जे पडलं ते पडलं. रिक्षावाला यायला कुरकुरतो, कॅब कॅन्सल होते, पत्ता सांगितला की ऑफिसात समोरच्याचा चेहरा बदलतो. यातल्या कुणी आकडे बघितलेले असतात का? मी रात्री साडेअकराच्या लोकलने उतरते, स्टेशनबाहेर सगळी दुकानं चालू, बायका भाजी घेतायत, माझा भाऊ कधी न्यायला आला नाही कारण गरजच पडली नाही. आमच्याकडे अडचणी आहेतच, गर्दुल्ले आहेत, बाइक चोरीला जातात, त्या मी लपवत नाही. पण "सेफ नाही" म्हणताना बऱ्याचदा लोकांच्या मनात गुन्हे नसतात, तिथे कोण राहतं ते असतं. कृष्णाकाठ, तुम्हाला नाही म्हणत हं, तुम्ही तर नीट विचारताय. फक्त ब्रोकर जेव्हा "फॅमिली एरिया आहे, चांगले लोक आहेत" म्हणेल तेव्हा त्याचा अर्थ त्यालाच विचारा.
– खाडीपलीकडे

...

लंडनहून. इथे पोलिसांची वेबसाइट आहे, पोस्टकोड टाकला की महिन्यागणिक गुन्हे नकाशावर दिसतात, अगदी गल्लीपर्यंत. आम्ही हॅरोत घर बघत होतो तर आवडलेल्या घरासमोरच मोठा ठिपका, बायको म्हणाली नकोच. मग नीट वाचलं तर नेमकी जागा उघड होऊ नये म्हणून गुन्हा जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवून दाखवतात, त्यामुळे आसपासचं सगळं एकाच ठिपक्यात जमा होतं. आमच्या त्या ठिपक्यात बहुतेक जवळच्या सुपरमार्केटमधली दुकानचोरी होती. घर घेतलं, राहतोय, छान आहे.

दुसरं म्हणजे लंडनच्या मध्यातल्या वेस्टमिन्स्टरचा दर बघाल तर डोळे पांढरे होतील. पण राहणारे दोन लाखांच्या आसपास आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटपासून वेस्ट एंडपर्यंत रोज येणारे पर्यटक, ऑफिसवाले कितीतरी. पाकीट मारलं जातं पर्यटकाचं आणि भागाकार होतो रहिवाशांनी. आपल्याकडे कळंगुट-बागासारख्या ठिकाणी किंवा कुठल्याही मोठ्या स्टेशनच्या भागात हेच होणार.
– टेम्सकाठी

...

न्यू जर्सी. इथे एजंटला विचारलं हा भाग सेफ आहे का, तर तो हसून गप्प. वाटलं काहीतरी लपवतोय. नंतर कळलं की १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे ते असं बोलायचं टाळतात, कारण पूर्वी "सेफ" म्हणत वंशावरून गिऱ्हाइकांना ठरावीक भागांकडे वळवायचे. त्याने सांगितलं पोलीस डिपार्टमेंटला फोन करा आणि संध्याकाळी उशिरा गाडी लावून चालून बघा. दोन्ही केलं. आणि एफबीआयचे २०२१ चे आकडे कुणी तुलनेला वापरत असेल तर जपून, त्या वर्षी मोजायची पद्धत बदलली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांच्या पोलिसांचा डेटा त्यात आलाच नाही.
– हडसनवारे

...

कृष्णाकाठ, एक कामाची गोष्ट. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर वेबसाइटवर टाकाव्या लागतात, लैंगिक गुन्हे वगैरे संवेदनशील सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, ठाणं, तारीख निवडून बघता येतात. आम्ही पिंपळे सौदागरला फ्लॅट घेण्याआधी नवरा-बायकोने बसून बऱ्याच वाचल्या. कंटाळवाणं काम आहे, भाषा सरकारी, पण दरापेक्षा कितीतरी जास्त कळतं. टू-व्हीलर कुठून जातात, घरफोडी दिवसा होते की रात्री, कुठल्या चौकात मारामाऱ्या. आणि ऑनलाइन फसवणूक भरपूर! शेअर ट्रेडिंग, पार्सल, टास्क फ्रॉड. फसलेला माणूस राहतो तिथल्या ठाण्यात बऱ्याचदा ती नोंद होते, चोर बसलेला असतो भलतीकडेच. म्हणजे आयटीवाल्यांच्या भागाचा आकडा फुगतो आणि त्याचा रस्त्याशी काही संबंध नाही.

शिवाय बाणेर पुणे शहर पोलिसांकडे आहे आणि वाकड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, जे १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. त्यामुळे पुण्याचे २०१८ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून वाढले-घटले म्हणू नका, हद्दच बदललीय.
– पवनामाई

...

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांना सगळं वाचून दाखवलं, एफआयआर बघायला आज रात्रीच बसतोय. तिची शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा आहे, हे आधी लिहायला हवं होतं. वाकडची रूम मेन रोडपासून आत आहे.
– कृष्णाकाठ

...

मग काकू, शिफ्टच सगळ्यात महत्त्वाची. मी तीच शिफ्ट करते. ऑफिसची कॅब दारापर्यंत सोडते की गल्लीच्या तोंडाशी, आणि रात्री शेवटी एकटी मुलगी राहिली तर सोबत गार्ड देतात का, हे एचआरला मेल करून लेखी घ्या. रूम बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, बुधवार-गुरुवारी रात्री पावणेबाराला जा, काका असतील बरोबर. दिवे किती चालू आहेत, मेडिकल किंवा अंडाभुर्जीची गाडी उघडी आहे का, बांधकामाचे पत्रे लावलेला लांबलचक पट्टा मधे येतो का, ते बघा. वाकडमधे असे पट्टे बरेच आहेत. त्याच इमारतीत राहणाऱ्या एखाद्या मुलीशी बोला, घरमालकाशी नाही. लेकीच्या फोनमधे ११२ ठेवा. आणि कुठली गल्ली आहे ते मला मेसेज करा, मी तिथूनच रोज येते, या आठवड्यात बघून सांगते.
– सेकंडशिफ्ट