मंडळीत कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराने हेच पूर्णवेळ करायचं म्हटलं तर?

पेटीवाला_मिरज:
सलाम मंडळी. पुतण्या 19 वर्षांचा आहे, मिरजेजवळच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर रविवारी कीबोर्ड वाजवतो. सगळी गाणी सी मेजरमध्ये बसवतो आणि ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) काळी एकवर (सप्तकातली पहिली काळी, सी शार्प) ठेवतो. नवी स्तुतिगीतं छान होतात. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली जुनी पदं सुरू झाली की लोकांचा आवाज बसतो, आणि तबलजी म्हणतो लय पळते. आता त्याला हेच काम म्हणून करायचंय. आधी काय दुरुस्त करावं, शिकावं कुठे, आणि यावर घर चालतं का?

काळी_पाच:
आवाज बसतो तो पट्टीमुळे, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरला त्यामुळे. सगळ्या गाण्यांना काळी एक, हा हिशेबच चुकीचा आहे. सकाळच्या उपासनेत गळे तापलेले नसतात. बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतराने एकत्र गातात, तेव्हा त्यांना सोसणारा पल्ला साधारण खाली पांढरी सहा (ए) ते वर पांढरी दोन (डी) एवढाच. पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरवू नका, गाण्याच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या सुरावरून ठरवा.

चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जापर्यंत असेल तर सा पांढरी दोनवर धरा, दोन्ही टोकं बरोबर बसतात. अंतरा तार गंधारापर्यंत जात असेल तर सा काळी पाचवर आणावा लागतो, म्हणजे तो गंधार पांढरी दोनवर येतो. मात्र मग चाल मंद्र निषादाच्या खाली उतरता कामा नये. एकाच चालीत मंद्र पंचमही आहे आणि तार गंधारही, तर कुठलीच पट्टी सगळ्यांना पुरत नाही. अशा वेळी वरची ओळ गायनवृंदाला द्या, मंडळीने ध्रुवपद धरावं.

प्रत्येक गाण्यापुढे पेन्सिलीने पट्टी लिहून ठेवायला सांगा. सर्रास होणारी चूक म्हणजे आधीच्या गाण्याचं ट्रान्सपोज तसंच राहतं. गिटारवाल्याने कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी पकड) काढलेला असतो, इकडे ट्रान्सपोज प्लस एक चालूच. पहिल्या ओळीलाच गोंधळ.

भजनी_ठेका:
पट्टीचं पटलं, पण लय पळते ती वेगळ्या कारणाने. तो ऑटो ऱ्हिदम, म्हणजे कीबोर्डमधली तयार तालाची ‘स्टाईल’, लावत असणार!

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी आपली पदं अभंग-ओवीच्या वळणावर लिहिली. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. चौथा चरण आखूड, तिथे लोक सूर लांबवतात आणि श्वास घेतात. माणूस तबल्यावर असेल तर तो तेवढा थांबतो. यंत्राला थांबणं माहीत नाही, ते पुढच्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पोचलेलं असतं. जुन्या पदांना स्टाईल बंद, लय तबलजीची, कीबोर्डने फक्त सूर धरायचा. दुसरी गफलत तालाची. दादरा सहा मात्रांचा, त्याखाली चार ठोक्यांची पाश्चात्त्य स्टाईल लावली की तिसऱ्या ओळीपर्यंत सम हरवते.

आता कॉर्ड. भूप रागात म आणि नि नाहीत. सा पांढरी एक धरून एफ कॉर्ड दाबली की म घुसतो, जी दाबली की नि. मंडळीला कारण सांगता येणार नाही, पण गाणं परकं वाटायला लागतं. भूपातल्या चालीला सी आणि ए मायनर पुरे, आणि डाव्या हाताने सा-प नुसते धरून ठेवा. यमन रागात तीव्र (चढा) म आहे, म्हणून तिथे डी मेजर चालते, एफ मेजर नाही.

काळी_पाच:
स्टाईल सरसकट बंद करा म्हणणं मला टोकाचं वाटतं. खेड्यातल्या कितीतरी मंडळ्यांत तबलजीच नसतो. तिथे स्टाईलऐवजी नुसता मेट्रोनोम हेडफोनमध्ये घ्यावा, आणि ओळ संपली की हाताने थांबावं.

सातारा_गायनवृंद:
शिक्षणाचं सांगतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी दोन सत्रं असतात. दुसरं सत्र नाताळच्या तयारीवर येतं, तेव्हा एप्रिलचं धरा. कॉर्ड आणि वाचनासाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा घ्या. नुसता कीबोर्ड येणारे ढिगाने आहेत. पेटी, स्वरलिपी आणि थोडा तबला एकाच माणसाला येत असेल तर त्याला बोलावणं येतं.

घराचं म्हणाल तर एका मंडळीच्या मानधनावर चालत नाही. चालतं ते शिकवण्यांवर, शाळेतल्या संगीत शिक्षकाच्या कामावर, लग्नांवर आणि डिसेंबरवर. ईस्टरआधीच्या उपवासकाळात अनेक मंडळ्यांत लग्नं होत नाहीत, पावसाळाही कोरडाच. डिसेंबरची कमाई जुलैला पुरवायची आहे, हे पोराला पहिल्या वर्षीच कळलेलं बरं.

लग्नाचं काम घेताना चार गोष्टी लिहून घ्या: किती गाणी, किती सराव, साऊंड कोणाचा आणि जाण्यायेण्याचा खर्च. सातारा ते सांगली एका बाजूने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, पेट्रोल विसरलात तर मानधन तिथेच संपलं. पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) मात्र पैशाचं तोंडी बोला आणि आधीच बोला, नंतर बोललं की सेवेचा विषय निघतो.

पेटीवाला_मिरज:
फार उपयोगी, आभार. दोन शंका. जुनी पदं वाजवून यूट्यूबवर टाकली तर चालतं का? आणि पेटी व कीबोर्ड थोडे वेगळे वाजतात, त्याचं काय करायचं?

सातारा_गायनवृंद:
खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत वाजवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. यूट्यूबवर टाकणं त्यात बसत नाही. टिळक 1919 मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क केव्हाच संपला. पण चाल नंतरच्या कुणी बांधलेली असेल तर तिचा हक्क वेगळा, भाषांतरित गीतात भाषांतरकाराचा वेगळा. दुसऱ्याचं तयार ध्वनिमुद्रण ट्रॅक म्हणून वापरायचं तर त्याची परवानगी निराळी घ्यावी लागते.

काळी_पाच:
पेटीचे सूर 440 वर (मधल्या पांढरी सहाचे हर्ट्झ) असतीलच असं नाही, जुन्या पेट्या चढलेल्या-उतरलेल्या असतात. ट्यूनर अ‍ॅप लावून पेटीची मधली पांढरी सहा वाजवा. समजा 443 आली, तर कीबोर्डच्या फंक्शनमध्ये ट्यूनिंग 443 करा. ट्रान्सपोजला हात लावायचा नाही, ते अर्ध्या सुराने सरकतं. शेवटी तबला पेटीच्या सा ला लावा, आणि आधी पट्टी ठरवा. काळी एकला साडेपाच इंची तोंड ठीक, काळी पाचला मोठ्या तोंडाचा तबला लागतो. एकाच तबल्यावर दोन्ही ओढाल तर पुडी (तबल्याचं कातडं) जाईल.