मदत हवी आहे : आईबाबांसोबत एका दिवसात होणारं जुनं शहर

रानजाई :
आईबाबा पुण्याहून आलेत, पुढच्या रविवारी परत जाणार. मला सुट्टी दोनच दिवस, गुरुवार आणि शनिवार. सकाळी निघून रात्री घरी येता येईल असं जुनं शहर सुचवा. गाडी नाही, ट्रेननेच जायचंय. तीन दिवस व्हिडिओ बघून डोक्याचा भुगा झालाय, म्हणून दहा नावांची यादी नको, दोनच सांगा. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, नुसते फोटो काढून त्यांचं समाधान होणार नाही. आज रात्रीच तिकिटं काढायची आहेत, प्लीज लवकर.

पाचोळा :
ब्रूज! डोळे मिटून जा. कालवे, जुनी घरं, घंटाघर. ब्रसेल्सहून ट्रेनने तासाभरात पोचता.

खडीसाखर :
पाचोळा, त्या ब्रसेल्सला राहतात असं कुठे म्हणाल्या? रानजाई, शहर कुठलं तुमचं?

रानजाई :
अरे हो, ते राहिलंच. म्युनिक.

गडकिल्ले७८ :
मग प्रश्नच नाही, न्यूरेंबर्ग. किल्ला, तटबंदी, चित्रकार ड्यूररचं घर. शिवाय नाझींवर खटला चालला तो ६०० नंबरचा कोर्टरूम. इतिहासाच्या शिक्षकाला आणखी काय हवं?

खडीसाखर :
तिथलं जुनं गाव २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात जवळपास सगळं पडलं. आज दिसतं त्यातलं बरंचसं पुन्हा बांधलेलं आहे. अस्सल जुनं बघायचं तर रेगन्सबुर्ग. तिथे युद्धात फार पडझड झाली नाही. डॅन्यूबवरचा दगडी पूल बाराव्या शतकातला, आणि रोमन छावणीच्या वेशीचा तुकडा अजून एका घराच्या भिंतीत उभा आहे.

गडकिल्ले७८ :
पुन्हा बांधलं म्हणजे खोटं झालं का? लोकांनी पडलेले दगड वेचून गाव उभं केलं, तोही इतिहासच आहे.

मधुमालती :
वादात मूळ प्रश्न राहतोय. आईबाबांना चालवतं किती? न्यूरेंबर्गचा किल्ला चढावर आहे.

रानजाई :
बाबा ठणठणीत आहेत. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. सपाटीवर हळूहळू तासभर चालते, चढ आणि जिने नकोत.

मधुमालती :
हे आधी सांगायचंत ना! मग किल्ले बाद. रेगन्सबुर्गला स्टेशनपासून जुनं गाव जवळ आणि रस्ता सपाट. गल्ल्यांत फरसबंदी खडबडीत आहे, आईंना बूट घालायला लावा, चपला नकोत.

पाचोळा :
ऑस्ट्रियातलं साल्झबुर्गही होईल दिवसात. प्रवासविमा काढलाय ना आईबाबांचा?

रानजाई :
विमा आहे. तो माझा प्रश्नच नाहीये. तिकिटाचं सांगा कुणीतरी.

खडीसाखर :
बायर्न-तिकीट घ्या, म्हणजे बव्हेरिया राज्याचं दिवसाचं तिकीट. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, शहरातली ट्रामही चालते. फक्त आयसीई या वेगवान गाडीत बसू नका, प्रादेशिक गाड्याच घ्या. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी ९ पासून लागू होतं, शनिवारी-रविवारी मध्यरात्रीपासून. तिकिटावर तिघांची नावं लिहा. आज रात्रीची घाई कशाला? त्या दिवशी सकाळी काढलंत तरी दर तोच. साल्झबुर्गपर्यंतही हेच चालतं, पण परतताना जर्मन पोलीस कागद बघतात, पासपोर्ट मूळच न्या.

दर्यावर्दी :
मी गोव्याचा, दोन वर्षं ऑग्सबुर्गला होतो. बाबांना तिथे न्याच. म्युनिकहून प्रादेशिक गाडीने पाऊण तास. इथल्या याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ मध्ये गरिबांसाठी वसवलेली फुगराइ वस्ती आजही नांदती आहे. घराचं वर्षाचं भाडं ८८ सेंट, त्या बदल्यात रोज तीन प्रार्थना. दारावरच्या घंटांच्या मुठी बघा, प्रत्येकीचा आकार वेगळा. अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून.

आता याचं आपल्याकडे असलेलं नातं. पोर्तुगीजांचा भारतातला पहिला व्हाइसरॉय अल्मेदा याचं आरमार १५०५ मध्ये मिऱ्यांसाठी निघालं, त्यात ऑग्सबुर्गच्या वेल्झर आणि फुगर या व्यापारी घराण्यांचाही पैसा होता. पुढे ऑग्सबुर्गचाच फर्डिनांड क्रोन १५८७ मध्ये या दोन घराण्यांचा माणूस म्हणून भारतात आला आणि गोव्यात बडा व्यापारी झाला. मी हे तिथे गेल्यावर वाचलं आणि त्या गल्ल्यांतून फिरताना घरची आठवण दाटून आली.

गडकिल्ले७८ :
फुगराइही १९४४ मध्ये बाँबने पडली होती, पुन्हा बांधलीय. ती चालते, न्यूरेंबर्ग नाही?

दर्यावर्दी :
घरं पडली, हे खरं. भाडं मात्र तेच राहिलं.

मधुमालती :
शाकाहारी असाल तर केज-श्पेट्झले (चीज घातलेल्या मऊ जाड शेवया) मागा, पण सढळ कांदा असतो त्यात. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचो.

रानजाई :
ठरलं. गुरुवारी ऑग्सबुर्ग, नऊनंतरच्या गाडीने, पाऊण तासाचाच प्रवास आहे म्हणून. शनिवारी लवकर निघून रेगन्सबुर्ग. दशम्यांचं पीठ आई आत्ताच भिजवायला निघाली होती, थांबवलं. दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. क्रोनचं नाव त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलंय, तुम्ही गोव्यात कुठले?