मदत हवी आहे: रोमचे प्राचीन डीएनए नमुने इटली सोडून सायप्रसजवळ का पडताहेत?

कोकणकडा_७
दोन दिवस अडकलोय. इटलीचे प्राचीन डीएनए नमुने पीसीएवर (जनुकीय साम्य-फरक नकाशासारखा मांडणारी आकृती) टाकले, तर एक घोळका बरोबर शून्य-शून्यवर बसतोय आणि रोमचे बरेच सायप्रसच्या बाजूला गेलेत. बेर्गामो, तोस्काना, सिसिलीचे आजचे लोक जिथे आहेत तिथे कोणीच नाही. फाइल दोनदा तपासली. उद्या रात्रीपर्यंत आकृती द्यायची आहे. स्मार्टपीसीएत (ही आकृती काढणारा प्रोग्रॅम) काय चुकतंय?

अर्धविराम
नमुने कुठल्या काळातले? नुसतं 'रोम' म्हणून काय कळणार? पॅरामीटर फाइलमध्ये काय काय दिलंय?

कोकणकडा_७
लोहयुग ते मध्ययुग सगळे, 'इटली_प्राचीन' या एकाच लेबलखाली. पॉपलिस्टमध्ये (आकृतीचे अक्ष ज्यांवरून ठरतात त्या गटांची यादी) फक्त आजचे गट. आउटलायर (फार वेगळे पडणारे नमुने) काढणं बंद. बाकी काही नाही.

रानजाई
पीसीए सोडा, अ‍ॅडमिक्स्चर (कोणात कुठला वंश किती, ते मोजणारा प्रोग्रॅम) चालवा. आधी प्लिंक प्रोग्रॅममध्ये एकमेकांशी जोडलेली स्थानं छाटायची, मग के (गृहीत वंशगटांची संख्या) ३ पासून वर न्यायचा. टक्केवारीच हातात येते.

अर्धविराम
रानजाई, इथे ते नको. सार्डिनिया बेट एकाकी राहिल्यामुळे आलेखात स्वतःचा वेगळा रंग, म्हणजे वंशगट, पकडतं, मग प्रत्येक इटालियनात 'सार्डिनियन अंश' दिसतो. तो वंश नव्हे, हिशोबातला दोष आहे.

कोकणकडा, तुमचे प्रश्न दोन आहेत.

शून्यावरचा घोळका ही चूकच. 'एलएसक्यूप्रोजेक्ट' हो करा. प्राचीन नमुन्यांत डीएनएवरची बहुतेक स्थानं वाचता न आल्याने रिकामी असतात. हे बंद असलं की रिकामी जागा सरासरी धरली जाते आणि नमुना मध्याकडे ओढला जातो. 'श्रिंकमोड'ही (आजचे आणि प्राचीन नमुने एकाच मापात आणणारा पर्याय) हो करा, वेळ जास्त लागेल. ह्यूमन ओरिजिन्स या डेटासंचाच्या सुमारे ६ लाख स्थानांपैकी २० हजारही न मिळालेले नमुने बाजूला काढा.

सायप्रसची बाजू मात्र खरी आहे. २०१९च्या रोमच्या अभ्यासात (१२७ जीनोम) लोहयुगातल्या ११ पैकी ८ जण युरोपीय गटात पडतात, साम्राज्यकाळातल्या ४८ पैकी फक्त २. पूर्व भूमध्यसागरातून माणसं आली, ती दिसताहेत. तुम्ही सगळ्यांना एका लेबलखाली कोंबलंत म्हणून ते चूक वाटतंय.

चाफेकळी
एक सावधगिरी. त्यातले काही नमुने इझोला साक्राचे, म्हणजे बंदराजवळच्या दफनभूमीतले. शिवाय साम्राज्याच्या सुरुवातीला रोममध्ये दहनाची चाल मोठी होती. जळलेल्या हाडांतून सहसा डीएनए मिळत नाही, त्यामुळे ती माणसं या आकृतीत नाहीतच. ४८ जण म्हणजे अख्खी इटली नव्हे.

गोदातीर
पूर्वेकडचं नातं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहूनच ठेवलंय. एट्रुस्कन (रोमच्या उत्तरेला राहणारे प्राचीन लोक) लिडियातून, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातून, आले.

चाफेकळी
आणि हालिकार्नाससच्या डायोनिसियसने (दुसरा ग्रीक इतिहासकार) ते इथलेच, असं लिहिलंय. २०२१च्या अभ्यासात (८२ व्यक्ती) एट्रुस्कन शेजारच्या लॅटिनांसारखेच निघाले, स्टेपचा (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचा गवताळ प्रदेश) अंशही तेवढाच. भाषा मात्र इंडो-युरोपीय, म्हणजे स्टेपच्या माणसांबरोबर पसरली असं मानतात त्या कुळातली, नाही. जनुकं मिसळली तरी भाषा टिकली, खरं कोडं ते आहे.

पाणपोई
अवांतर: इटालियन नागरिकत्वासाठी डीएनए अहवाल चालत नाही, जन्म-विवाहाचे दाखले लागतात. २०२५च्या ७४ क्रमांकाच्या कायद्याने वंशावरून मिळणारा हक्क साधारण आजी-आजोबांपर्यंत आणलाय.

अर्धविराम
पाणपोई, हे कोणी विचारलेलं नाही. वेगळा धागा काढा.

कोकणकडा_७
एलएसक्यूप्रोजेक्टने घोळका सुटला! काळानुसार लेबलंही केली. आता एट्रुस्कन स्पेनच्या बाजूला झुकलेत. हे बरोबर? आणि मध्ययुगातले रोमचे नमुने उत्तरेकडे सरकलेत, त्यांना 'लोंगोबार्ड' (उत्तरेकडून इटलीत आलेली जर्मनिक टोळी) लिहू?

अर्धविराम
स्पेन बरोबर. तिथेही नवाश्मयुगीन शेतकरी अधिक स्टेप, हेच मिश्रण आहे.

'लोंगोबार्ड' लिहू नका. ते ५६८ मध्ये इटलीत उतरले हे खरं, आणि तुरिनजवळ कोलेन्योच्या दफनभूमीत उत्तरेकडच्या वंशाची माणसं जास्त वस्तूंसह पुरलेली सापडली. पण ते ओळखू येतं थडग्यामुळे. रोमच्या नमुन्यांना तसा पुरावा नाही, आणि पुढे फ्रँक आले, पवित्र रोमन साम्राज्याशी येणं-जाणं वाढलं. 'रोम_मध्ययुग' एवढंच लेबल ठेवा, खाली शतक द्या.