घरच्या वाइनच्या छंदातून साहित्यपुरवठ्याचा छोटा व्यवसाय करता येईल का?

प्रश्न : वसईची_बरणी

नमस्कार. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. नाताळासाठी काळ्या द्राक्षांची, आल्याची किंवा जांभळाची वाइन घरी घालण्याची आमच्याकडची रीत जुनी आहे. आजीच्या वेळी चिनी मातीची बरणी, साखर, मूठभर गहू आणि बेकरीचे यीस्ट एवढ्यावर काम भागत असे. गेल्या काही वर्षांत मी त्यात थोडी शिस्त आणली. वाइनसाठीचे वेगळे यीस्ट, रसातील साखर मोजण्यासाठी हायड्रोमीटर, बरणीच्या तोंडाला एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) आणि भांडी निर्जंतुक करण्यासाठी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ही पावडर) वापरू लागल्यापासून वाइन आंबट होऊन वाया जाण्याचे प्रकार जवळजवळ थांबले.

आता ओळखीचे लोक माझ्याकडे वाइनपेक्षा साहित्यच अधिक मागतात. वाइनचे यीस्ट बहुधा अर्धा किलोच्या पाकिटात मिळते आणि घरी दहा लिटर रस आंबवणाऱ्याला त्यातले दोन-तीन ग्रॅम पुरतात, ही त्यांची खरी अडचण आहे. वाइन विकायची नाही, हे माझे पक्के ठरलेले आहे. यीस्टची छोटी पाकिटे, एअरलॉक, हायड्रोमीटर आणि कृतीचा कागद एकत्र करून ‘घरगुती वाइन संच’ विकावा, असा विचार आहे. यात कायद्याची अडचण आहे का, माल कोणता ठेवावा आणि नाताळ सोडून उरलेले वर्ष हा व्यवसाय चालेल का, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

उत्तर : ठाण्याचा_वकील

वाइन विकणार नाही, एवढ्याने आपण कायद्याबाहेर राहता असे नाही. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो, तो परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई करतो. इतकेच नव्हे, तर मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हादेखील कलम 65 खाली गुन्हा आहे. हातभट्टीवरील छाप्याच्या बातम्यांत ‘कलम 65 (फ)’ असा जो उल्लेख नेहमी वाचतो, तो हाच. फळापासून केली, सणासाठी केली किंवा थोडीच केली, म्हणून वाइन कायद्यातील मद्याच्या व्याख्येतून सुटत नाही. अमेरिकेत आहे तशी ठरावीक प्रमाणापर्यंतची घरगुती सूटही आपल्याकडे नाही, त्यामुळे छंदाबाबतही सावध राहावे, हे स्पष्टच सांगतो.

व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द आहे ‘हेतू’. हायड्रोमीटर प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात उघड मिळतो, आणि केएमएस तर सरबते व स्क्वॅश करणारी प्रत्येक गृहिणी ओळखते. या वस्तू विकण्यात गैर काही नाही. मात्र त्याच वस्तू एका खोक्यात घालून वर ‘घरगुती वाइन संच’ असे छापले आणि आत कृतीचा कागद ठेवला, की माल कशासाठी आहे हे विक्रेत्याने स्वतःच लिहून दिले असे होते. त्यामुळे संचाची कल्पना सोडून द्यावी, आणि आपला ग्राहक कोण याचाच आधी नव्याने विचार करावा.

उत्तर : दिंडोरीचा_बागायतदार

वकीलसाहेबांनी ग्राहकाचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. आमच्या नाशिक जिल्ह्यात आपल्या मालाला कायदेशीर गिऱ्हाईक पुष्कळ आहे, पण ते वाइन घालणारे घर नव्हे. द्राक्ष तोडणीला आले की नाही हे पाहण्यासाठी बागायतदाराला ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, मोजावा लागतो आणि त्यासाठी रसाच्या थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून ते दाखवणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. तासगावकडे बेदाणा करणाऱ्यांना तो लागतो, गुऱ्हाळवाल्यांना उसाच्या रसासाठी लागतो, जॅम-जेली करणाऱ्या बचत गटांनाही लागतो. बाजारात स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर भरपूर आहेत. परंतु ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य कसा लावायचा आणि उन्हात तापलेल्या मण्याचा रस लगेच मोजला तर आकडा का चुकतो, हे समजावून सांगणारा विक्रेता क्वचितच भेटतो. आपण तो होऊ शकता. रस आंबू लागल्यावर त्यातील अल्कोहोलमुळे रिफ्रॅक्टोमीटर फसतो आणि तेथे हायड्रोमीटरच हवा, हा फरक आपल्याला अनुभवाने ठाऊक असेलच. अनेक दुकानदारांना तो माहीत नसतो.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे परवानाधारक छोट्या वाइनरी आणि अन्नतंत्रज्ञान शिकवणारी महाविद्यालये. 2001 मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले. त्यानंतर आमच्या भागात आणि विंचूरच्या वाइन पार्कमध्ये वाइनरी उभ्या राहिल्या. काही मोठ्या झाल्या, काही बंद पडल्या. मोठी वाइनरी यीस्ट व एन्झाइम थेट वितरकाकडून उचलते, तेथे आपला निभाव लागणार नाही. पण ऐन हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, छोट्या वाइनरीला चाचणीची रसायने, पीएच (आम्लता) मोजण्याच्या यंत्राची अचूकता तपासण्याचे बफर द्रावण, काचेचे सिलिंडर, रबरी बुचे अशा किरकोळ वस्तू दुसऱ्या दिवशी हव्या असतात, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याकडे फोन फिरवावे लागतात. हाच खरा पुरवठ्याचा धंदा आहे. त्यात नफा वस्तूपेक्षा वेळेचा मिळतो.

यीस्टबद्दल मात्र सावध करतो. निर्वात पाकीट एकदा फोडले की हवा व दमट वातावरणाने यीस्टची ताकद उतरू लागते. वसईच्या हवेत अर्ध्या किलोचे पाकीट फोडून पाच-पाच ग्रॅमच्या पुड्या बांधणे म्हणजे गिऱ्हाइकाला मेलेले यीस्ट विकण्याची तयारी करणे होय. कंपनीनेच भरलेली पाच ग्रॅमची पाकिटे घ्यावीत, फ्रिजमध्ये ठेवावीत आणि मुदत पाहून आधी आलेली आधी काढावीत. केएमएसचेही तसेच आहे. ताज्या पावडरीतून वजनाच्या सुमारे 57 टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, म्हणून दहा लिटर रसात त्याचे 50 पीपीएम (लिटरमागे 50 मिलिग्रॅम) आणायला जेमतेम 0.9 ग्रॅम पुरते. जुन्या, ओल धरलेल्या पावडरीचा असा हिशेब मांडताच येत नाही. शिवाय तिचा वास दम्याच्या रोग्याला घातक ठरू शकतो, तेव्हा ती घरातल्या माजघरात साठवू नये.

उत्तर : न्यूजर्सीची_मराठी

आमच्याकडे असे दुकान उघडपणे चालवता येते, कारण संघीय नियमानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात 200 गॅलन, म्हणजे अनुक्रमे सुमारे 379 व 757 लिटर वाइन स्वतःच्या वापरासाठी करमुक्त करता येते. विक्री मात्र चालत नाही. मी अशा एका दुकानाची जुनी गिऱ्हाईक आहे. शरद ऋतूत कॅलिफोर्नियाची द्राक्षे आणि वसंतात चिलीची द्राक्षे, असे दोन हंगाम त्यांनी जुळवले आहेत. मधल्या काळात सहा गॅलनचे रसाचे संच विकले जातात. पिंप आणि दाबयंत्र गिऱ्हाईक एकदाच घेते. यीस्ट, बुचे आणि सल्फाइट (केएमएससारखी पावडर) यांच्यासाठी ते दरवर्षी परत येते, आणि आल्यावर तासभर शंका विचारते. दुकान त्या तासावर चालते, असे माझे मत आहे.

वकिलांच्या मुद्द्याला येथील एक जुना दाखला जोडते. दारूबंदीच्या काळात, 1920 ते 1933 दरम्यान, येथे द्राक्षरसाच्या सुकवलेल्या विटा विकल्या जात आणि त्यांवर ‘हा रस पाण्यात कालवून इतके दिवस ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल’ अशा धर्तीची सूचना असे. ‘व्हाइन-ग्लो’ नावाचा घट्ट रस तर घरपोच मिळत असे. तो 1931 मध्ये बंद करावा लागला. खोक्यावर ‘वाइनसाठी वापरू नये’ असे छापून सुटू, असे कोणी सुचवले तर ऐकू नये.

उत्तर : पापडीचा_शेजारी

मला हे सगळे जरा अति वाटते. आमच्या गावात नाताळाला घरोघरी वाइन असते आणि ती प्यायला पाहुणे येतात. चार यीस्टच्या पाकिटांवरून कोणी दारात पोलीस आणणार नाही. एवढी भीती घातली तर आजीची कृती आमच्याबरोबरच संपेल.

उत्तर : ठाण्याचा_वकील

आपली कळकळ समजते, आणि कायद्यात अशा पारंपरिक घरगुती वाइनला मर्यादित सूट असावी, असे माझेही मत आहे. परंतु सणाला घरात केलेल्या बरणीकडे होणारे दुर्लक्ष आणि जाहिरात, बिले व कुरिअरच्या पावत्या असलेला व्यवसाय यांत फरक आहे. केरळच्या अबकारी खात्याने तर 2019 च्या नाताळाआधी परवान्याशिवाय घरी वाइन करणे हा गुन्हा असल्याचे जाहीरपणे बजावले होते.

वसईची_बरणी

सर्वांचे आभार. संच व कृतीचा कागद रद्द केला. रिफ्रॅक्टोमीटर, हायड्रोमीटर, पीएचची साधने आणि बफर द्रावण घेऊन पहिला हंगाम दिंडोरी-निफाड भागात काढून पाहतो. एकच शंका उरते. जांभळाचा आणि करवंदाचा सिरका (व्हिनेगर) करणारे दोन-तीन लघुउद्योजक माझ्याकडे यीस्ट मागतात. सिरका तर उघड विकला जातो; त्यांना ते द्यावे का?

उत्तर : ठाण्याचा_वकील

फळांचा सिरका आधी अल्कोहोलच्या टप्प्यातूनच जातो, म्हणून हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ज्याच्याकडे सिरक्याच्या उत्पादनाचा एफएसएसएआय (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना किंवा नोंदणी आहे, त्यालाच यीस्ट द्यावे, त्या क्रमांकाची प्रत ठेवावी आणि बिलावर तो क्रमांक लिहावा. आंबवून केलेल्या सिरक्यात किमान 3.75 टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते, त्यामुळे त्या उद्योजकांना आम्लता मोजण्याचे साहित्यही लागेलच. आपण स्वतः यीस्ट किंवा केएमएस साठवून विकणार, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी आपल्यालाही हवी. मोठ्या पिशवीतून पाकिटे भरलीत तर 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे त्यांवर नाव, पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापावा लागेल. राज्याबाहेर माल विकणार असाल तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी आधी करून घ्यावी.

आणि पहिली खरेदी करण्यापूर्वी पालघर जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना मालाची पूर्ण यादी व संभाव्य ग्राहकांचे वर्णन जोडून लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अधिकारी बदलला की बदलते.